रिकाम्या ट्रकचं वजन शून्य

"मॅडम, आपका काटा कहता है कि खाली ट्रक का वजन झिरो है. अब बताइए, मैं ट्रक चलाता हूं या पतंग उडाता हूं?"

शनिवारची दुपार होती. दिल्लीच्या एका टोकाला असलेलं भंगाराचं यार्ड. यार्डाचे मालक शेठजी माझ्यासमोर वजनाची चिठ्ठी नाचवत होते. मी ती हातात घेतली. भरलेल्या ट्रकचं वजन बरोबर होतं. तोच ट्रक माल उतरवून परत काट्यावर आला, तर त्याचं वजन शून्य. चाकं, इंजिन, ड्रायव्हर आणि ड्रायव्हरच्या तोंडातला गुटखा, सगळं मिळून शून्य.

"हो जाएगा शेठजी," मी म्हटलं. सर्व्हिस इंजिनिअरला हे वाक्य आधी येतं, बाकीचं इंजिनिअरिंग नंतर.

मी वजनकाट्यांची इंजिनिअर आहे. नगरच्या एमआयडीसीत आमची कंपनी आहे. ट्रक, ट्रॅक्टर, ऊसगाड्या तोलायचे मोठे काटे आम्ही बनवतो. आमचा जिल्हा उसाचा. तिथे 'काट्याची इंजिनिअर' म्हटलं की माणसं आधी गालात हसतात, कारण आमच्याकडे काटा मारणे म्हणजे वजनात फसवणे. कुठल्याही लग्नात माझी ओळख करून दिली की एखादे काका हमखास विचारतात, "मग किती मारता?" आता मीही हसून सांगते, "माणूस बघून."

काटा म्हणजे एक लांबलचक लोखंडी प्लॅटफॉर्म. दोन्ही बाजूंना चढ. ट्रक एका बाजूने वर चढतो, थांबतो, दुसऱ्या बाजूने उतरतो. प्लॅटफॉर्मच्या पोटाखाली लोड सेल असतात. लोड सेल म्हणजे पोलादाचे ठोकळे. वर भार आला की ते केसाएवढे दबतात आणि तेवढ्यावर विजेचा बारीक सिग्नल देतात. सगळ्या लोड सेलच्या वायरी एका डब्यात येतात, त्याला जंक्शन बॉक्स म्हणतात. तिथून एक केबल केबिनमध्ये जाते आणि आकडा दिसतो. ट्रक दोनदा तोलायचा, एकदा भरलेला आणि एकदा रिकामा. वजाबाकी केली की मालाचं वजन. एवढंच शास्त्र आहे, पण ह्या एवढ्याशा वजाबाकीपायी लोकांनी एकमेकांच्या गचांड्या धरलेल्या मी पाहिल्या आहेत.

हा काटा आमच्या टीमने आधीच बसवून दिला होता. मी आणि दत्तूभाऊ शेवटची ट्रायल घ्यायला आणि ऑपरेटरला शिकवायला आलो होतो. शनिवारी दुपारी काम संपणार, परतीची रेल्वे सोमवारी सकाळी, म्हणजे अख्खा रविवार आमचा. ऑफिसच्या खर्चाने दिल्लीत मोकळा रविवार! निघायच्या आधीपासून आम्ही दोघं त्या रविवारावर डोळा ठेवून होतो.

माझा प्लॅन साधा होता. एखादी मोठी बाग गाठायची, शेंगदाण्याची पुडी घ्यायची आणि झाडाच्या सावलीत आडवं पडायचं. घरी मी दुपारची आडवी पडले की सासूबाई कपाळाला हात लावून ताप बघतात. दिल्लीत मला कोण ओळखतं?

दत्तूभाऊंचा प्लॅन मात्र बराच जुना होता.

दत्तूभाऊ आमचे सीनियर फिटर. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावचे. रिटायरमेंट जवळ आलेली, मिशा पांढऱ्या, पण मान अजून खांबासारखी. तरुणपणी ते कुस्त्या करायचे. त्या काळी गावच्या यात्रेतल्या हगाम्याला, म्हणजे कुस्त्यांच्या मैदानाला, रामफल नावाचा दिल्लीकडचा एक पैलवान आला होता. त्याची आणि दत्तूभाऊंची जोड लागली. दोघंही हटेनात. शेवटी दिवस मावळला म्हणून पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. जाताना रामफल म्हणाला होता, "दिल्ली आना कभी. फैसला वहीं करेंगे." त्यानंतर दत्तूभाऊंना नोकरी लागली, लग्न झालं, मुली झाल्या, आणि दिल्ली राहिली ती राहिलीच. मध्यंतरी पुतण्याने मोबाईलवर त्या रामफलला शोधून काढलं. आता त्याचा स्वतःचा आखाडा होता. रविवारी चारला तिथे कुस्त्यांची दंगल होती.

"मला घ्यायला मानूस धाडनार हाय रामफळ," गाडीत बसल्यापासून दत्तूभाऊंनी हे मला कितव्यांदा तरी सांगितलं. 'रामफल' त्यांच्या तोंडात बसत नव्हतं, त्यांनी त्याचं सरळ फळ करून टाकलं होतं.

"तुम्ही कुस्ती धरणार की काय?"

"छ्या! आता कुटं म्याडम? गुडगं बगा माजं. नुसतं बगायचं. पर तितली माती तरी कपाळाला लावीन की."

आणि आता ही शून्याची भानगड.

मी कामाला लागले. आधी लोड सेल तपासले. सगळे ठणठणीत. जंक्शन बॉक्स उघडला, प्रत्येक वायर ओढून पाहिली. घट्ट. मग केबिनमध्ये जाऊन बसले, ट्रक रिकामा वर घ्यायला लावला, स्वतः बटण दाबलं. आकडा बरोबर आला. शेठजींचा चेहरा खुलला. मी बाहेर येऊन हात धुतले, तेवढ्यात पुढचा ट्रक तोलला गेला. भरलेला, बरोबर. रिकामा, शून्य.

असं संध्याकाळपर्यंत चाललं. मी केबिनमध्ये असले की काटा शहाणा. मी बाहेर पाऊल टाकलं की वेडा. आमच्या धंद्यात असल्या फॉल्टला सगळे घाबरतात. कायमचा बिघाड सापडतो, मधूनच येणारा बिघाड माणसाला रडवतो.

तिथली कामाची पद्धत सांगायला हवी. केबिनच्या खिडकीला टेकून यार्डवाल्यांनी पत्र्यांची थप्पी रचली होती, त्यामुळे आतून प्लॅटफॉर्म दिसत नव्हता. आत तिवारी नावाचे ऑपरेटर. भला माणूस, पण कामावर नवा. टेबल अजून आलं नव्हतं, म्हणून वजन दाखवणारा डबा त्यांच्या पाठीमागे एका स्टुलावर ठेवलेला. तिवारींचं सगळं लक्ष समोरच्या कॉम्प्युटरवर. ट्रकचा नंबर टाकायचा आणि गाडी तयार आहे की नाही ते फोनवर दत्तूभाऊंना विचारायचं. दत्तूभाऊ बाहेर प्लॅटफॉर्मपाशी उभे. त्यांनी सांगितलं की बटण दाबायचं. बटण दाबलं की त्या क्षणाचं वजन चिठ्ठीवर छापलं जातं.

संध्याकाळी मी नगरला आमच्या सरांना फोन लावला.

"सर, फॉल्ट सापडत नाही. उद्याही साइटवर थांबावं लागेल."

"थांबा की," सर म्हणाले. "रविवारी दिल्लीत तुम्हाला दुसरं काम काय आहे?"

दत्तूभाऊ शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं. ते पाने उचलून टूलबॉक्समध्ये एकेक करून ठेवू लागले. मला फार वाईट वाटलं. माझी बाग काय, नगरलाही आहे. त्यांची कुस्ती नगरला नव्हती.

"दत्तूभाऊ, उद्या तुम्ही जा. मी बघते इथलं."

"आसं कसं म्याडम? काट्यावर मानूस नको का? तुमी आत आसल्यावर भाईर कोन बगनार?" ते म्हणाले. "काम आदी. इतकी वरसं र्‍हायलं, आता आनी थोडं."

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा यार्डात. शेठजींनी ट्रायलसाठी एक ट्रक आणि त्याचा ड्रायव्हर दिला होता. ड्रायव्हरचाही रविवार गेला होता, त्यामुळे तो माझ्याकडे सावत्र आईकडे बघावं तसा बघत होता. मी केबलची एकेक फूट तपासली. अर्थिंग तपासलं. जेवायची वेळ टळून गेली. दत्तूभाऊ मधूनमधून मोबाईलमध्ये किती वाजले ते बघायचे आणि मी बघतेय हे दिसलं की मोबाईल खिशात घालायचे.

मी जंक्शन बॉक्सपाशी उकिडवी बसले होते. दत्तूभाऊ वर प्लॅटफॉर्मवर. त्यांचा फोन वाजला. यार्डात गॅस कटरचा आवाज, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"दत्तू भाई! खाली हुए कि नहीं?" पलीकडून रामफलचा घोगरा आवाज.

"नहीं नहीं पैलवान," दत्तूभाऊ आपल्या नगरी हिंदीत ओरडले. "अभी उपरच है. काटे के उपर."

"तो कब तक खाली होगे?"

"दो मिनिट में होता खाली! उतरने को कितना टाइम लगता?"

"बस! मैं भतीजे को गाडी लेके भेज रहा हूं. तैयार रहो."

फोन बंद झाला. दत्तूभाऊ गोंधळून माझ्याकडे बघत राहिले.

"म्याडम, काम तर झालं न्हाई. मग ह्यो मानूस कशाला धाडतोय?"

"त्याने तुम्हाला काय विचारलं?"

"खाली आला का, इचारत हुता. म्हनलं, न्हाई, वर हाय. आता वर हाय तर वरच सांगनार ना?"

मी पाना खाली ठेवला. आमच्या मराठीत खाली म्हणजे जमिनीकडे, वरच्या उलट. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, मोकळं. रामफल विचारत होता, कामातून मोकळा झालास का? आणि दत्तूभाऊ त्याला आपली उंची सांगत होते.

"दत्तूभाऊ," मी हसू दाबत म्हटलं, "तिवारी तुम्हाला फोनवर काय विचारतात? अगदी त्यांचे शब्द सांगा."

"गाडी खाली है क्या, इचारत्यात."

"आणि तुम्ही?"

"गाडी काट्यावर आसली तर म्हनतो, नहीं, उपर है. उतरली की म्हनतो, हां, अब खाली है. खोटं कशाला बोलू?"

मी पळत केबिनमध्ये गेले. "तिवारीजी, दत्तूभाऊ 'उपर है' बोलते हैं तो आप क्या समझते हैं?"

"यही, कि माल अभी उपर है," तिवारी म्हणाले. "पूरा उतरा नहीं. तो मैं रुक जाता हूं. फिर वो बोलते हैं, अब खाली है. तब मैं बटन दबाता हूं."

म्हणजे असं. भरलेल्या ट्रकला तिवारी नुसतं 'गाडी आ गई?' विचारायचे, तिथे घोळ नव्हता. रिकामा ट्रक काट्यावर चढायचा. तिवारी विचारायचे, ट्रक रिकामा आहे का? दत्तूभाऊ सांगायचे, नाही, अजून वर आहे. तिवारी थांबायचे. दत्तूभाऊंना वाटायचं वजन झालं, ते ट्रकला उतरायची खूण करायचे. ट्रक उतरला की प्रामाणिकपणे कळवायचे, आता खाली आहे. आणि तिवारी बटण दाबायचे. काट्यावर तेव्हा काहीच नसायचं, म्हणून काटा शून्य सांगायचा. दोन दिवस त्या यार्डात फक्त काटाच खरं बोलत होता, असंही नाही. तिघंही खरंच बोलत होते.

मी तिथेच केबिनच्या दारात बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तिवारींना सांगितलं, ते हसले. ट्रक ड्रायव्हर तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला आणि त्याने मला माफ करून टाकलं. फक्त दत्तूभाऊ हसत नव्हते.

"म्हंजी माज्यामुळं झालं व्हय हे?"

"तुमच्यामुळे सापडलं," मी म्हटलं. "तुमच्या रामफळाचा फोन आला नसता तर मी उद्या नवीन लोड सेल मागवले असते."

मग ते हसले. हसताना त्यांच्या मिशा थरथरत होत्या.

इलाज सोपा होता. वजनाचा डबा तिवारींच्या समोर आणला. सगळ्यांनी मिळून खिडकीपुढची थप्पी हलवली. आणि दोन्ही बाजूंना 'खाली' या शब्दावर बंदी घातली. तिवारींना मी नवा शब्द शिकवला. ट्रक काट्यावर चढला, तिवारींनी खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "रिकामी है?"

"रिकामी हाय!" दत्तूभाऊ गरजले.

नऊ टनांच्या आसपास आकडा आला. त्या ड्रायव्हरने टाळी वाजवली. शेठजींनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि सगळ्यांसाठी समोसे मागवले. मी सरांना फोन केला.

"झालं सर. चिठ्ठ्या बरोबर येतायत."

"छान. फॉल्ट कुठे होता?"

"'खाली'मध्ये, सर."

"खाली म्हणजे? प्लॅटफॉर्मच्या खाली? लोड सेल गेला का?"

"आल्यावर सांगते," मी म्हटलं. बाहेर रामफलच्या पुतण्याच्या गाडीचा हॉर्न वाजत होता.

"म्याडम, तुमी पन चला," दत्तूभाऊ म्हणाले. "बाग काय पळून जाती व्हय?" मी गेले. जाताना ते लॉजवर उतरले, तोंड धुऊन, धुतलेला शर्ट घालून आले. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते.

आखाडा शहराने चारी बाजूंनी वेढलेल्या एका जुन्या गावात होता. मध्ये लाल मातीचा खोलगट चौक, भोवती कट्टा, कट्ट्यावर माणसं. रामफल पैलवान आता एकटेच दोन माणसांची जागा घेत होते. कोणालाही बघितलं की मनातल्या मनात वजन करायची मला खोड आहे. शंभराच्या पुढे गेल्यावर मी नाद सोडला. त्यांनी दत्तूभाऊंना बघितलं, दत्तूभाऊंनी त्यांना. रामफलनी एकदम दत्तूभाऊंना मिठीत उचललं आणि खाली ठेवलं. मग लगेच दत्तूभाऊंनी त्यांना उचलायचा प्रयत्न केला आणि गुडघा धरून बसले. सगळा कट्टा हसला.

मला रामफलच्या बायकोजवळ खाटेवर बसवलं. हातात लस्सीचा भला थोरला पेला दिला. तो अर्धा होईपर्यंत त्यांनी माझा पगार, मुलं आणि नवऱ्याचा स्वभाव विचारून घेतला. समोर पोरं मातीत घुमत होती, हलगीऐवजी ढोल वाजत होता. दत्तूभाऊ कट्ट्याच्या अगदी काठावर बसून प्रत्येक डावाला स्वतःच वाकत होते. शेजारच्या माणसाला त्यांचा कोपर लागत होता, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. बागेत आडवं पडून मला जेवढा आनंद झाला असता, त्याहून जास्त मला त्यांच्याकडे बघून झाला.

कुस्त्या संपल्या. बक्षिसं वाटायची होती. जिंकलेले, हरलेले, त्यांचे दोस्त, सगळेच मातीत उतरून गर्दी करत होते. माईकवरचा माणूस ओरडला, "भाइयो, अखाडा खाली करो! सब लोग अखाडा खाली करो!"

सगळे वर चढू लागले. आणि त्या सगळ्यांच्या उलट दिशेने एक पांढऱ्या मिशांचा माणूस शांतपणे मातीत उतरला. चौकाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

अरे देवा, पुन्हा तोच शब्द! मी उठून हाका मारणार, तोच दत्तूभाऊंनी शर्ट काढला, घडी घालून बाजूला ठेवला. मग पँट. आत लाल लंगोट बांधलेला होता. लॉजवरून बांधून आलेला माणूस होता तो.

रामफल खाटेवरून उठले. बायको म्हणाली, "अजी, बैठ जाओ, डॉक्टर ने क्या कहा था?" त्यांनी ऐकलं नाही. तेही मातीत उतरले. ढोलवाल्याला काही सांगावं लागलं नाही.

दोघांनी माती उचलून एकमेकांच्या हातावर टाकली. सलामी झडली. मग खांद्याला खांदा लावून दोघं नुसते रेटत राहिले. मला कुस्तीतलं कळत नाही, पण दोघांच्या चेहऱ्यावर काय होतं ते कळत होतं. ते दोघं आता मिरजगावात होते. रामफलनी पट काढायला हात घातला, दत्तूभाऊंनी मान दाबली, कोणाचा तरी पाय घसरला आणि दोघंही एकदम आडवे झाले. धूळ उडाली. धूळ बसली तेव्हा दोघं शेजारी शेजारी उताणे पडून हसत होते आणि कोणालाच उठता येत नव्हतं.

कोण जिंकलं यावर कट्ट्यावर वाद झाला. पंचांनी दोघांचेही हात वर केले. "फैसला फिर बाकी!" रामफल धापा टाकत म्हणाले. "अब मैं आऊंगा. मिरजगाव!" त्यांच्या बायकोने माझ्याकडे बघून डोक्याला हात लावला.

नगरला परत आल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. तेव्हापासून कंपनीत एक नियम आहे. परप्रांतात ट्रायल असली की ऑपरेटर आणि आपला माणूस यांना आधी समोरासमोर चहाला बसवायचं आणि कोण कोणत्या शब्दाला काय म्हणतो ते ऐकायचं. जंक्शन बॉक्स त्यानंतर उघडायचा. बहुतेक वेळा उघडावाच लागत नाही.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. परत जाताना गाडीत दत्तूभाऊ केसांतली माती न झटकता बसले होते. मी विचारलं, "दत्तूभाऊ, खाली म्हणजे रिकामं, हे दुपारीच कळलं होतं ना तुम्हाला?"

"कळलं हुतं की म्याडम," ते म्हणाले. "पर सगळ्यांसंगं मी बी वर चढलो आस्तो, तर खाली कोन उतरलं आस्तं?"